‘फेअर’ म्हणजे चांगले की बरे? कापूस खरेदी केंद्र ते रेशन दुकान, एकाच शब्दाचे अर्थ किती?

हंगामात कापूस खरेदी केंद्रावर एक शब्द सतत कानावर पडतो : एफएक्यू. ‘एफएक्यू दर्जाचाच माल घेतला जाईल’, ‘तुमचा माल नॉन-एफएक्यू आहे’. मोबाइलवर हा शब्द शोधला, तर बहुतेक वेळा ‘वारंवार विचारले जाणारे प्रश्न’ असा अर्थ समोर येतो. केंद्रावरच्या एफएक्यूचा त्याच्याशी काहीही संबंध नाही. इथे ही अक्षरे ‘फेअर ॲव्हरेज क्वालिटी’ या शब्दांची आहेत.

यातल्या ‘ॲव्हरेज’ म्हणजे सरासरी आणि ‘क्वालिटी’ म्हणजे दर्जा, हे बहुतेकांना ठाऊक असते. घोळ होतो तो ‘फेअर’पाशी. कोणी त्याचा अर्थ ‘योग्य’ लावतो, कोणी ‘रास्त’, तर कोणी ‘उत्तम’. यवतमाळसारख्या कापूस-सोयाबीनच्या जिल्ह्यात या एका शब्दावर हमीभाव अवलंबून असतो. म्हणूनच त्याचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा.

मूळ अर्थ काय?

‘फेअर’ हा जुन्या इंग्रजीतला शब्द. त्याचा मूळ अर्थ सुंदर, डोळ्यांना बरे वाटणारे. पुढे त्याला नितळ, डाग नसलेले अशी छटा आली. त्यातूनच अनेक फांद्या फुटल्या. डाग नसलेला व्यवहार म्हणजे न्याय्य व्यवहार. ढग नसलेले आकाश म्हणजे चांगले हवामान. खाडाखोड नसलेले लिखाण म्हणजे पक्की प्रत. उजळ रंग म्हणजे गोरा. आणि अगदी उत्तम नाही, पण वाईटही नाही, ते ‘बऱ्यापैकी’.

जत्रा किंवा मेळावा या अर्थाचा ‘फेअर’, जसे जॉब फेअर, बुक फेअर, हा मात्र वेगळा शब्द आहे. तो लॅटिनमधून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. एसटीच्या तिकिटाचे ‘फेअर’ हा आणखी तिसरा शब्द. त्याचे मूळ ‘प्रवास करणे’ या अर्थाच्या क्रियापदात आहे. इंग्रजीत त्याचे स्पेलिंगही वेगळे आहे, पण मराठीत लिहिताना तिन्ही सारखेच दिसतात.

१) ‘फेअर प्राइस’ : रास्त

ज्याला आपण कंट्रोल किंवा रेशनचे दुकान म्हणतो, त्याचे सरकारी इंग्रजी नाव ‘फेअर प्राइस शॉप’. मराठीत रास्त भाव दुकान. इथे ‘फेअर’ म्हणजे सामान्य माणसाला परवडेल असा, सरकारने ठरवलेला दर. अन्नसुरक्षा कायदा, २०१३ नुसार तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये आणि भरडधान्य १ रुपया किलो असा दर होता. १ जानेवारी २०२३ पासून अंत्योदय आणि प्राधान्य कुटुंबांना हे धान्य मोफत मिळते. भाव शून्यावर आला, तरी पाटीवरचा ‘रास्त भाव’ कायम आहे.

उमरखेड-महागाव पट्ट्यातील ऊस उत्पादकांच्या परिचयाची ‘एफआरपी’ याच अर्थाची. ‘फेअर अँड रेम्युनरेटिव्ह प्राइस’ म्हणजे रास्त आणि किफायतशीर दर. २०२५-२६ च्या हंगामासाठी तो १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये आहे.

२) ‘फेअर कॉम्पेन्सेशन’ : कायद्याने ठरवलेले

२०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या नावातच ‘फेअर कॉम्पेन्सेशन’, म्हणजे वाजवी मोबदला, हे शब्द आहेत. हा कायदा १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला. पण इथे ‘वाजवी’ म्हणजे जमीनमालकाला वाजवी वाटेल ते नव्हे. कायद्यात गणित दिलेले आहे. ग्रामीण भागात जमिनीच्या बाजारमूल्याला राज्याने ठरवलेल्या १ ते २ मधील गुणकाने गुणायचे, त्यात झाडे, विहीर, बांधकाम यांची किंमत मिळवायची आणि त्या रकमेवर १०० टक्के दिलासा रक्कम द्यायची. वाद घालायचा तर तो ‘वाजवी’ या शब्दावर घालून फारसा उपयोग नसतो. बाजारमूल्य कोणत्या खरेदीखतांवरून काढले, झाडे किती मोजली, विहीर धरली की नाही, हे विचारावे लागते.

३) ‘फेअर वेदर रोड’ : पाऊस नसेल तरच

ऐकायला हा शब्द छान वाटतो, पण अर्थ उलटा आहे. ‘फेअर वेदर रोड’ म्हणजे फक्त उघडिपीत चालणारा रस्ता. पावसाळ्यात तो चिखलात जातो किंवा नाल्याच्या पुरात तुटतो. बारमाही रस्त्याला ‘ऑल वेदर रोड’ म्हणतात. गावचा रस्ता कागदावर यांपैकी कोणत्या प्रकारात आहे, हे म्हणूनच पाहायला हवे.

४) ‘फेअर वही’ आणि ‘फेअर कलर’

शाळेत रफ वही आणि फेअर वही असते. इथे ‘फेअर’ म्हणजे स्वच्छ, पक्की. लग्नाच्या बायोडाटात ‘फेअर’ म्हणजे गोरा किंवा गोरी. या अर्थावर देशात बरीच टीका झाली. १९७५ मध्ये बाजारात आलेल्या ‘फेअर अँड लव्हली’ क्रीमच्या नावातून २०२० मध्ये ‘फेअर’ गेले आणि त्या जागी ‘ग्लो’ आले. रंग उजळ असणे आणि माणूस चांगला असणे या दोन गोष्टी एकाच शब्दात बसवल्या, की काय होते याचे हे उदाहरण.

५) ‘फेअर ॲव्हरेज क्वालिटी’ : बऱ्यापैकी

आता मूळ प्रश्नाकडे. इंग्रजीत दर्जाची उतरंड लावतात तेव्हा सर्वांत वर ‘एक्सलंट’, मग ‘गुड’, त्याखाली ‘फेअर’ आणि शेवटी ‘पुअर’ असते. म्हणजे इथला ‘फेअर’ हा ‘चांगल्या’च्याही खाली आहे. एफएक्यूमधला ‘फेअर’ याच घराण्यातला. ‘रास्त’शी त्याचे नाते नाही आणि ‘उत्तम’शी तर नाहीच. बऱ्यापैकी, सर्वसाधारण दर्जाचा माल, इतकाच त्याचा अर्थ.

आपल्या बोलीत ‘बरा’ हा शब्द नेमका असाच चालतो. ‘माल कसा आहे?’ ‘बरा आहे.’ म्हणजे पहिल्या नंबरचा नाही, पण टाकाऊही नाही.

याचा व्यवहारात अर्थ असा, की हमीभाव मिळवण्यासाठी कापूस सर्वांत उत्तम असण्याची अट नाही. मात्र ठरवून दिलेल्या निकषांत तो बसला पाहिजे. त्यातला सर्वांत महत्त्वाचा निकष म्हणजे ओलावा.

पैशांत फरक किती?

२०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये, तर मध्यम धाग्याचा ७,७१० रुपये आहे. सीसीआयच्या केंद्रावर ८ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव मिळतो. त्यापुढे प्रत्येक एका टक्क्यामागे भावातून एक टक्का कपात होते. १२ टक्क्यांच्या वर ओलावा असेल तर माल घेतला जात नाही.

उदाहरण पाहू. लांब धाग्याचा १० क्विंटल कापूस ८ टक्के ओलाव्याचा असेल तर ८१,१०० रुपये होतात. तोच माल १२ टक्क्यांचा निघाला तर भाव ७,७८५ रुपये ६० पैसे होतो आणि हाती ७७,८५६ रुपये येतात. म्हणजे ३,२४४ रुपये कमी. १३ टक्के निघाला तर गाडी परत न्यायची किंवा व्यापारी देईल तो भाव घ्यायचा. भल्या सकाळी दवात वेचलेला कापूस न वाळवता भरला, तर हा फटका बसू शकतो.

सोयाबीनला एफएक्यूसाठी ओलाव्याची मर्यादा १२ टक्के आहे. पण २०२४-२५ च्या खरिपात केंद्र सरकारने ती १५ टक्क्यांपर्यंत शिथिल केली होती. माल तोच, पण आदेश बदलला आणि आधी ‘फेअर’ नसलेले सोयाबीन ‘फेअर’ ठरले. हा शब्द म्हणजे सरकारने आखलेली रेघ आहे आणि ती हलू शकते, हे यावरून लक्षात येते.

केंद्रावर काय विचाराल?

‘माल फेअर नाही’ एवढे उत्तर पुरेसे नाही. कोणता निकष बसला नाही, ते विचारा. ओलावा असेल तर मॉइश्चर मीटरवरचा आकडा स्वतः पाहा. शक्य असेल तर गाडीतल्या दोन-तीन ठिकाणांहून नमुना घ्यायला सांगा. माल कोणत्या धाग्याच्या प्रकारात धरला, हेही विचारा. मध्यम आणि लांब यांत क्विंटलला ४०० रुपयांचा फरक आहे. कवडी आणि पालापाचोळा घरीच वेगळा काढलेला बरा. पहिल्या वेच्याचा आणि फरदडीचा कापूस एकाच गाडीत मिसळू नका.

मग मराठीत म्हणायचे काय?

इंग्रजीने जे एका शब्दात कोंबले, त्याला मराठीत वेगवेगळे शब्द आहेत : रास्त, वाजवी, पक्का, गोरा, उघडीप, बऱ्यापैकी. भाषांतर करताना ‘फेअर’पुढे कोणता शब्द आहे ते पाहिले, की यांतला नेमका शब्द सापडतो. भाव असेल तर रास्त, मोबदला असेल तर वाजवी, दर्जा असेल तर सर्वसाधारण.

केंद्रावरच्या फलकावर ‘एफएक्यू’ऐवजी ‘सर्वसाधारण दर्जा : ओलावा १२ टक्क्यांपर्यंत, ८ टक्क्यांनंतर कपात’ एवढे मराठीत लिहिले, तर गाडी भरण्याआधीच शेतकऱ्याला कळेल, की कापूस आणखी एक दिवस उन्हात टाकायचा की नाही.