विश्लेषण : ओपीडीत मोठ्या डॉक्टरांआधी तुम्हाला तपासणारे नेमके कोण? त्यांना औषध लिहून देता येते का?

घरात मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयविकाराचा रुग्ण असेल तर हे चित्र तुमच्या ओळखीचे असेल. ठाणे, कल्याण किंवा डोंबिवलीतले एखादे खासगी रुग्णालय. मोठे डॉक्टर आठवड्यातून दोन दिवस येतात, तेही संध्याकाळी दोन तास. बाहेर पंचवीस-तीस जण नंबर लावून बसलेले. आत बोलावल्यावर आधी भेटते ती पांढरा कोट घातलेली दुसरीच व्यक्ती. ती जुने रिपोर्ट चाळते, बीपी मोजते, पायाची बोटे तपासते, गोळ्या कधी चुकतात ते विचारते. कधी इन्सुलिनचे युनिट वाढवायलाही सांगते. त्यानंतर मोठ्या डॉक्टरांसमोर तीन-चार मिनिटे, आणि फाइल घेऊन आपण बाहेर. घरी आल्यावर सांगतो, ‘डॉक्टरांनी तपासले.’

पण कोणत्या? ती पहिली व्यक्ती एमबीबीएस असू शकते, बीएएमएस किंवा बीएचएमएस असू शकते, नर्स, फिजिशियन असिस्टंट, ऑप्टोमेट्रिस्ट किंवा डायबिटीस एज्युकेटरही असू शकते. डॉक्टर आणि मदतनीस यांच्या मधल्या पायरीवर, जास्तीचे प्रशिक्षण घेऊन रुग्ण तपासणाऱ्यांना अमेरिकेत ‘अ‍ॅडव्हान्स्ड प्रॅक्टिस क्लिनिशियन’ म्हणतात. आपल्याकडे हे काम सर्रास चालते, पण त्याला एक नाव नाही आणि त्याची हद्दही सगळीकडे सारखी नाही. रुग्णासाठी खरा प्रश्न तिथेच सुरू होतो.

ही पद्धत आली कुठून?

अमेरिकेत १९६५ मध्ये दोन ठिकाणी जवळपास एकाच वेळी हा प्रयोग सुरू झाला. कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड आणि हेन्री सिल्व्हर यांनी नर्सना लहान मुलांची तपासणी आणि उपचार शिकवायला सुरुवात केली. तिथून ‘नर्स प्रॅक्टिशनर’ हे पद आले. ड्यूक विद्यापीठात डॉ. यूजीन स्टेड यांनी नौदलात वैद्यकीय काम केलेल्या तरुणांची पहिली तुकडी घेतली. तिथून ‘फिजिशियन असिस्टंट’ आला. डॉक्टर कमी आणि रुग्ण जास्त, हे दोन्हीकडचे कारण साधेच होते.

भारतात फिजिशियन असिस्टंटचे प्रशिक्षण १९९२ मध्ये चेन्नईत हृदयशल्यचिकित्सक डॉ. के. एम. चेरियन यांनी मद्रास मेडिकल मिशनमध्ये सुरू केले. आता हा साधारण चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम आहे आणि त्यात एक वर्षाची इंटर्नशिप असते.

डॉक्टर नसलेल्या माणसाला नीट शिकवले तर तो काय करू शकतो, हे महाराष्ट्राला मात्र चेन्नईकडून शिकण्याची गरज नव्हती. जामखेडमध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावच्या आरोग्यदूतांना नवजात बाळाचा जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन द्यायला शिकवले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्याचे निष्कर्ष आले तेव्हा तिथला नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटला होता. मात्र तिथे कोणी काय करायचे, कधी थांबायचे आणि कोणाला कळवायचे, हे आधीच लिहून ठेवलेले होते. शहरातल्या गर्दीच्या ओपीडीत नेमके हेच सापडत नाही.

आपल्या ओपीडीत ही माणसे कोण आहेत?

सगळ्यात जुने आणि सगळ्यात निर्धोक उदाहरण डोळ्यांच्या विभागाचे आहे. सरकारी रुग्णालयात चष्म्याचा नंबर काढणारे, मोतीबिंदू ओळखून पुढे पाठवणारे ‘नेत्रचिकित्सा अधिकारी’ हे बहुतेकदा एमबीबीएस डॉक्टर नसतात, तर नेत्रतपासणीचे स्वतंत्र प्रशिक्षण घेतलेले कर्मचारी असतात. त्यांचे काम ठरलेले आहे, शस्त्रक्रियेचा निर्णय नेत्रतज्ज्ञाचा. म्हणूनच तिथे फारसा वाद होत नाही.

डायलिसिस सेंटरमध्ये चार तास रुग्णाजवळ असतो तो तंत्रज्ञ, नेफ्रॉलॉजिस्ट फेरी मारून जातात. मानसिक आरोग्याच्या ओपीडीत, मग ते ठाण्याचे १९०१ पासूनचे प्रादेशिक मनोरुग्णालय असो किंवा खासगी क्लिनिक, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, मनोरुग्ण परिचारिका आणि समाजसेवक यांच्याशिवाय काम पुढे सरकत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने या तिघांना स्वतंत्र ओळख दिली आहे.

नर्स प्रॅक्टिशनरचे काय? भारतीय परिचर्या परिषदेने अतिदक्षता विभागासाठी दोन वर्षांचा पदव्युत्तर निवासी अभ्यासक्रम आखला. प्रसूतीसाठी ‘नर्स प्रॅक्टिशनर मिडवाइफ’चा दीड वर्षाचा अभ्यासक्रम आहे. पण दोन्हींचा रोख आयसीयू आणि लेबर रूमकडे आहे. मधुमेह किंवा हृदयरोगाच्या ओपीडीत स्वतंत्रपणे रुग्ण पाहणारी नर्स अमेरिकेत रोजची गोष्ट आहे. ठाण्यात ती दिसली तर बहुधा ‘सिस्टर’ म्हणूनच ओळखली जाईल, आणि तिचा पगारही तेवढाच असेल.

राहिला सर्वात मोठा गट, म्हणजे खासगी रुग्णालयांत निवासी किंवा सहायक डॉक्टर म्हणून काम करणारे बीएएमएस आणि बीएचएमएस पदवीधर. ठाणे-कल्याण पट्ट्यातली खासगी आरोग्यसेवा त्यांच्याशिवाय एक दिवसही चालणार नाही, हे वैद्यकीय क्षेत्रातले सगळे जाणतात, जाहीरपणे कमी जण बोलतात. केंद्र सरकार संसदेत देशात ८११ लोकांमागे एक डॉक्टर असल्याचे सांगते, तेव्हा त्यात साडेसात लाखांहून अधिक आयुष डॉक्टर मोजलेले असतात. म्हणजे आकडा सांगताना ते डॉक्टर, आणि औषधाचा प्रश्न आला की वाद.

मग औषध कोण लिहून देऊ शकते?

इथे सॉफ्टवेअरमधली उपमा कामी येते. फाइल उघडून वाचण्याची परवानगी वेगळी आणि तिच्यात बदल करण्याची वेगळी. ओपीडीतल्या बहुतेक सहायकांना पहिली आहे, दुसरी नाही. इतिहास विचारणे, मोजमापे घेणे, आहार समजावणे, इन्सुलिनचे पेन कसे टोचायचे ते दाखवणे, पुढच्या तपासण्यांची आठवण करणे हे सगळे त्यांचे काम आहे. नवे औषध सुरू करणे किंवा मात्रा बदलणे ही सही नोंदणीकृत डॉक्टरची.

‘शेड्यूल एच’मधली औषधे, म्हणजे बहुतेक अँटिबायोटिक, रक्तदाब आणि मधुमेहाच्या गोळ्या, केमिस्टने नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाच्या चिठ्ठीवरच द्यायची असतात. राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायदा, २०१९ च्या कलम ३४ नुसार नोंदणी नसताना आधुनिक वैद्यक व्यवसाय केल्यास एक वर्षापर्यंत कैद, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

त्याच कायद्यात कलम ३२ सुद्धा आहे आणि ते कमी चर्चेत असते. आधुनिक वैद्यकाशी संबंधित व्यक्तींना ‘सामुदायिक आरोग्य प्रदाता’ म्हणून मर्यादित परवाना देण्याची त्यात तरतूद आहे. प्राथमिक आणि प्रतिबंधात्मक सेवेत ठरावीक औषधे त्यांनी स्वतः द्यायची, त्यापलीकडे फक्त डॉक्टरच्या देखरेखीखाली. म्हणजे स्पेशालिस्टच्या ओपीडीत हा परवानाधारक असला तरी एकट्याने औषध लिहू शकणार नाही. याच कलमाला विरोध म्हणून इंडियन मेडिकल असोसिएशनने (आयएमए) ३१ जुलै २०१९ रोजी देशभर संप केला होता. तरतूद कायद्यात राहिली, ओपीडीत काही पोहोचली नाही.

फिजिशियन असिस्टंट, ऑप्टोमेट्रिस्ट, फिजिओथेरपिस्ट, डायलिसिस तंत्रज्ञ, आहारतज्ज्ञ यांना २०२१ च्या राष्ट्रीय संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याने पहिल्यांदा एका छताखाली आणले. या कायद्यात दहा गट आहेत. शिक्षणाचे किमान तास, नोंदणी, परिषद हे सगळे त्यात आहे. पण नावाचा गोंधळ त्यानेही संपला नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये फिजिओथेरपिस्टनी नावाआधी ‘डॉ.’ लावू नये असे पत्र केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने काढले आणि दुसऱ्याच दिवशी मागे घेतले. सरकारलाच एका दिवसात दोन मते असतील, तर रांगेतल्या आजोबांनी काय ठरवायचे?

आयुष डॉक्टरांचा वाद नेमका काय?

महाराष्ट्रात आयुर्वेद पदवीधरांना त्यांच्या प्रशिक्षणाच्या मर्यादेत आधुनिक औषधे वापरण्याची मुभा नव्वदच्या दशकातल्या राज्य सरकारच्या आदेशांतून मिळाली. अशी मुभा राज्याच्या कायद्यात असेल तरच ग्राह्य, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये डॉ. मुख्तियार चंद खटल्यात स्पष्ट केले.

होमिओपॅथीचे प्रकरण जास्त पेटलेले आहे. २०१४ मध्ये राज्याने कायद्यात बदल करून, आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम, म्हणजेच सीसीएमपी, पूर्ण केलेल्या होमिओपॅथना मर्यादित ॲलोपॅथी औषधे देण्याची वाट मोकळी केली. आयएमएने त्याला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले. जून २०२५ मध्ये महाराष्ट्र वैद्यक परिषदेने या डॉक्टरांची वेगळ्या नोंदवहीत नोंदणी करण्याचे जाहीर केले. विरोधानंतर जुलैत ती थांबली. सप्टेंबरमध्ये सरकारने पुन्हा हिरवा कंदील दिला आणि १८ सप्टेंबरला राज्यभरातील ॲलोपॅथी डॉक्टरांनी एक दिवसाचा संप केला.

एक वर्षाचा अभ्यासक्रम साडेपाच वर्षांच्या एमबीबीएसची जागा घेऊ शकत नाही, हा आयएमएचा मुद्दा बिनतोड आहे. पण रात्री दोन वाजता वॉर्डात याच पदवीधरांना उभे करणारी रुग्णालये ॲलोपॅथी डॉक्टरांचीच असतात, हेही तितकेच खरे.

मुरबाड-शहापूरच्या रुग्णाला याचा काय फायदा?

कल्याणच्या पलीकडे गेले की चर्चेचा सूर बदलतो. मुरबाड किंवा शहापूरच्या पाड्यावरच्या रुग्णाला हृदयरोगतज्ज्ञ हवा असेल तर आधी एसटी किंवा जीप, मग कल्याण, मग लोकल. कल्याणचे रुक्मिणीबाई आणि डोंबिवलीचे शास्त्रीनगर ही पालिका रुग्णालये जवळची, पण सुपरस्पेशालिटीसाठी अनेकांना कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय किंवा थेट शीव, केईएम, जे. जे. गाठावे लागते. ओपीडी सकाळची, म्हणजे पहाटेची गाडी आणि दिवसाची मजुरी बुडाली.

अशा ठिकाणी उपकेंद्रातला समुदाय आरोग्य अधिकारी, म्हणजे सीएचओ, महत्त्वाचा ठरतो. २०१८ च्या आयुष्मान भारत योजनेत हे पद आले. नर्सिंग किंवा आयुर्वेदाची पदवी आणि वर सहा महिन्यांचे प्रशिक्षण. तज्ज्ञाने सुरू केलेली रक्तदाब-मधुमेहाची औषधे पुढे देणे, साखर तपासत राहणे, बिघाड दिसला की वर पाठवणे हे त्याचे काम. ‘ई-संजीवनी’वर हाच सीएचओ रुग्णाला शेजारी बसवून दुसऱ्या टोकाच्या डॉक्टरशी बोलतो. चिठ्ठी डॉक्टरची, डोळे आणि हात सीएचओचे. ओपीडीतली कामाची वाटणी कशी असावी, याचा हा आपल्याकडचा सगळ्यात स्पष्ट नमुना आहे, आणि तो शहरात नाही, खेड्यात आहे.

हे गुणवत्तेला परवडते का? छत्तीसगडमध्ये २०१० च्या एका अभ्यासात तीन वर्षांचा अभ्यासक्रम केलेले ग्रामीण वैद्यकीय सहायक नेहमीच्या आजारांत एमबीबीएस डॉक्टरांच्या बरोबरीचे ठरले. २०१८ च्या कॉक्रेन आढाव्यात प्राथमिक सेवेतल्या १८ चाचण्या एकत्र पाहिल्या गेल्या. प्रशिक्षित नर्सनी दिलेल्या सेवेचे परिणाम डॉक्टरांइतके किंवा थोडे बरे होते. मात्र दोन्ही दाखले प्राथमिक सेवेचे आहेत. हृदयरोग किंवा किडनीच्या ओपीडीला ते जसेच्या तसे लावता येत नाहीत.

ब्रिटनमध्ये काय बिनसले?

ब्रिटनने ‘फिजिशियन असोसिएट’ झपाट्याने वाढवले. २०२२ मध्ये लंडनमधल्या एका तरुण महिलेच्या पायातली गुठळी वेळेत ओळखली गेली नाही आणि तिचा मृत्यू झाला. ती क्लिनिकमध्ये दोनदा जाऊन आली होती, दोन्ही वेळा भेटलेली व्यक्ती डॉक्टर नव्हती आणि हे तिला माहीतच नव्हते. जुलै २०२५ मध्ये प्रा. जिलियन लेंग यांच्या समितीचा अहवाल आला. नाव बदलून ‘फिजिशियन असिस्टंट’ करा, वेगळा गणवेश आणि बिल्ला द्या आणि निदान न झालेला रुग्ण सरसकट त्यांच्याकडे पाठवू नका, अशा त्याच्या शिफारशी आहेत. पद रद्द करा असे अहवाल म्हणत नाही.

तुम्ही काय पाहाल?

समोरच्या व्यक्तीची पदवी विचारणे हा उद्धटपणा नाही. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने तयार केलेल्या रुग्ण हक्क सनदेत, आपल्यावर उपचार करणाऱ्यांची ओळख आणि व्यावसायिक दर्जा जाणून घेण्याचा हक्क नमूद आहे. ‘आपण डॉक्टर आहात की डॉक्टरांचे सहायक?’ एवढे विचारले तरी पुरते.

चिठ्ठी हातात आली की खालची सही आणि नोंदणी क्रमांक पाहा. एमबीबीएस आणि त्यावरच्या डॉक्टरांनी चिठ्ठी, प्रमाणपत्र आणि पैशांच्या पावतीवर नोंदणी क्रमांक देणे २००२ च्या आचारसंहितेनुसार बंधनकारक आहे. तो महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या संकेतस्थळावर तपासता येतो. बीएएमएस डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे, तर बीएचएमएस डॉक्टरांची महाराष्ट्र कौन्सिल ऑफ होमिओपॅथीकडे असते.

सहायकाने तोंडी मात्रा बदलली असेल, विशेषतः इन्सुलिन, रक्त पातळ करणारी गोळी किंवा फिटचे औषध, तर ती डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घेतल्याशिवाय घरी जाऊ नका. बाहेर नंबर ओरडणाऱ्याला दोन मिनिटे थांबायला सांगा.