रुखवतातली खोली

साठ ते नव्वदच्या दशकांत लग्न झालेल्या कुठल्याही मराठी बाईला विचारा, रुखवतात काय काय मांडलं होतं ते ती आजही सांगेल. दोसुतीवर क्रॉस-स्टिचनं भरलेली मोरांची जोडी, क्रोशाचा टीपॉयचा रुमाल, मण्यांचं तोरण, 'सुस्वागतम'ची चौकट, काशिदा भरलेले उशांचे अभ्रे. मॅट्रिक झालं की मुलीच्या हातात अँकरच्या दोऱ्यांच्या लडी यायच्या आणि दुपारी जेवणं आटोपल्यावर खिडकीच्या उजेडात हे काम चालायचं. तोरण विणायला घेतलं तेव्हा दार कुणाचं, किती रुंद, हे ठरलेलंच नसे. टेबलक्लॉथ भरून तयार होई, सासरी टेबल आहे की नाही याची खबर मागाहून लागे. रुखवत म्हटलं की आपल्याला हौस आठवते, पंगतीआधीचं कौतुक आठवतं. मला त्यात एक आख्खी खोली दिसते. अठरा-वीस वर्षांच्या मुलीनं मनात रचलेली, पडद्यापासून उशीपर्यंत पुरी झालेली, फक्त भिंती तेवढ्या बाकी असलेली.

गेल्या दीडशे वर्षांत मराठी घराचा आकार पार बदलला. वाडा गेला, चाळ आली, ब्लॉक आला, आता टॉवर. या बदलांवर आपल्याकडे खूप लिहिलं गेलं आहे. पण बहुतेक वेळा दिवाणखान्यात बसून. ज्या बाईनं खोलीचं स्वप्न पाहिलं, तिला त्या घरात स्वतःची म्हणून किती जागा मिळाली, या बाजूनं हा प्रवास पाहिला की चित्र वेगळं दिसतं.

वाड्यापासून सुरुवात करू. पुण्यातला विश्रामबागवाडा १८०७ चा. त्याचा दिवाणखाना, सुरूचे कोरीव खांब, नक्षीचं छत आजही पाहायला मिळतं. सरदार-सावकारांच्या वाड्यांत याच धाटणीचे लहान-मोठे दिवाणखाने असत. लोड-तक्के, गिरद्या, हंड्या-झुंबरं. पुढे रविवर्म्याच्या छापखान्यातली चित्रं बाजारात आली, तेव्हा साध्या गृहस्थाच्या भिंतीवरही लक्ष्मी-सरस्वती आल्या. हा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला आणि १८९९ मध्ये लोणावळ्याजवळ मळवलीला हलला. या सगळ्या सजावटीचा मानकरी आलेला पाहुणा, तोही पुरुष. बायकांचा वावर माजघरात, स्वयंपाकघरात, कोठीत, परसदारी. जागा कमी होती असं नव्हे. माजघर ऐसपैस असे. पण तिथे दार लावून एकटीनं बसायची सोय नव्हती.

वाड्यात बाईच्या नावानं ओळखली जाणारी एकच खोली मला आठवते, बाळंतिणीची. घरातली सर्वांत अंधारी. वारं लागू नये म्हणून खिडकी नाही, असली तरी बंद. बाजेखाली शेगडी, ओवा-शेपांची धुरी, दाराशी टांगलेलं कांबळं. एवढ्या मोठ्या वास्तूत बाईला स्वतंत्र खोली मिळायची ती या दिवसांत, आणि ती अशी. याच काळातली दुसरी बाजू रमाबाई रानड्यांच्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' या १९१० च्या पुस्तकात आहे. रात्री पती न्यायमूर्ती रानड्यांनी शिकवायचं आणि दिवसा त्या शिकण्यापायी घरातल्या बायकांचे टोमणे ऐकायचे, हा क्रम त्यात वाचताना आजही अंगावर येतो. पुस्तक मिळालं, शिकवणारा मिळाला. ते उघडून बसायला दिवसाढवळ्या कोपरा मिळाला नाही.

मुंबईत प्रश्नच वेगळा होता. सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनं (बीडीडी) १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे मिळून २०७ चाळी बांधल्या. एका खोलीचं क्षेत्रफळ १६० चौरस फूट. त्यात कुटुंब, गावाहून आलेला दीर, कधी खानावळीचे चार जेवणारे. अशा खोलीला दिवसातून चार-पाच रूपं घ्यावी लागत. पहाटे स्टोव्ह पेटला की स्वयंपाकघर, पुरुष कामावर गेले की धान्य निवडायची जागा, संध्याकाळी मुलांची शाळा, रात्री वळकट्या सोडल्या की बिछाना. पुरुष गॅलरीत झोपत. ही खोली चालवणं हे मोठं कसब होतं आणि ते बाईच्या हातात होतं. पलंगाखाली काय सरकवायचं, पोटमाळ्यावर काय चढवायचं, मांडणीवर पितळी डबे कोणत्या उतरंडीनं लावायचे, सगळं तिचं. तिची स्वतःची मात्र एक ट्रंक. माहेरून आलेली, तिच्याच किल्लीनं उघडणारी. रुखवतातल्या निम्म्या वस्तू याच ट्रंकेत घडी घालून राहिल्या, कारण मांडायला भिंत उरलेली नसे.

राजा ठाकूरांनी १९७० साली 'मुंबईचा जावई' काढला. चाळीतल्या भरल्या घरात नव्या जोडप्याला एकांत मिळत नाही, एवढ्याच गोष्टीवर तो उभा आहे. त्यावरूनच १९७२ मध्ये बासू चटर्जींचा 'पिया का घर' आला. लोक हसले, कारण ही अडचण घरोघरी ठाऊक होती. जोडप्याला खोली हवी हे समाजानं तेव्हा मान्य केलं. बाईला एकटीला खोली हवी असेल, हे मात्र त्या विनोदातही कुणाला सुचलेलं नाही.

याच सुमारास ब्लॉक आले. पुण्यात १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, नदीकाठच्या पेठांतले वाडे पडले आणि कितीतरी कुटुंबं गावाबाहेरच्या नव्या वस्त्यांत गेली. मुंबईत हाउसिंग सोसायट्या, पुढे म्हाडा आणि सिडको. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. आता भिंती मिळाल्या आणि ट्रंकेतलं रुखवत बाहेर आलं. माझं लहानपण अशा ब्लॉकातलं, त्यामुळे या काळाबद्दल मला विशेष माया आहे.

गणपतीच्या आधी घराला रंग निघायचा. चुनकळी आदल्या रात्री लोखंडी पिंपात भिजायची. पाणी पडताच ती फसफसून उकळू लागे, आम्हा मुलांना लांब उभं करत. सकाळी तो चुना जुन्या धोतरातून गाळायचा, भिंतीला हात लावल्यावर अंगाला लागू नये म्हणून त्यात डिंक कालवायचा आणि मग नीळ. नीळ किती टाकायची हे ठरवण्याचा अधिकार आईचा. ओला चुना दिसतो एक आणि वाळल्यावर होतो दुसरा, चांगला फिका. म्हणून ती दारामागच्या भिंतीवर कुंचल्याचे दोन फटकारे ओढून वाळेपर्यंत थांबायची, मग आणखी चिमूटभर टाकायची. तिला हवी असलेली निळाई तिच्या डोळ्यांसमोर पक्की होती. रंगाऱ्यानं घाई केली तरी ती हलत नसे. आजच्या शेडकार्डावर शेकडो रंग असतात, पण तिच्याइतक्या खात्रीनं रंग निवडणारं माणूस मी क्वचित पाहिलं आहे.

मग शोकेस. सनमायका लावलेली, पुढे सरकत्या काचा, आत प्लॅस्टिकच्या डब्यातला ताजमहाल, नवरीच्या वेशातली बाहुली, मुलांचे कप आणि आईनं लोकरीचे केलेले ससे. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं. आठ-दहा वर्षांत टीव्हीनं हॉलची मुख्य भिंत घेतली. त्याच्यावरही भरतकामाचं आच्छादन आलं. १९७३ पासून 'कालनिर्णय' खिळ्याला लागलं आणि त्याच्या चौकटींत दुधाचा हिशेब, गॅस लावल्याची तारीख, भिशीचा दिवस अशी घराची रोजनिशी बाईच्या अक्षरात उमटू लागली. तिच्या लिहिण्याला घरात मिळालेली ती बहुधा पहिली हक्काची जागा.

या सजावटीची पुढे फार टवाळी झाली. क्रोशाचे रुमाल म्हणजे मागासलेपण, शोकेस म्हणजे अभिरुचीचा अभाव. मला हे कधीच पटलं नाही. कमी पैशांत, मिळेल त्या वेळात, स्वतःच्या हातांनी केलेली ती कामं होती. त्यांची टाक्यांची सफाई पाहा, रंगांची जुळणी पाहा. चित्रकलेच्या शाळेत जायला मिळालं असतं तर यातल्या किती जणी कुठे पोचल्या असत्या!

स्वयंपाकघरही याच काळात उठून उभं राहिलं. सिलिंडरपेक्षा शेगडी उंचावर हवी, म्हणून गॅस आला तसा कडाप्प्याचा ओटा आला. पाटावर बसून होणारा स्वयंपाक उभ्यानं होऊ लागला. गुडघे वाचले, पण दिवसभर उभं राहणं आलं.

नव्वदनंतरचं फार सांगत नाही, ते सर्वांच्या समोर आहे. गृहकर्ज सोपं झालं, टू-बीएचके आला, इंटिरिअर करणारे आले. फॉल्स सीलिंग, मॉड्युलर किचन, टीव्हीमागे दगडी पॅनल. मुलांची खोली हा शब्द रुळला आणि ते फार चांगलं झालं. नकाशात आई-वडिलांची बेडरूम, मुलांची खोली, हॉल. किचन अर्थातच तिचं, असं डिझायनरही गृहीत धरतो. ट्रॉलीच्या हँडलचा रंग तिला विचारतात. वाचायचं टेबल कुठे हवं, हे विचारत नाहीत.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा हा नकाशा उघडा पडला. माझ्या ओळखीच्या कितीतरी घरांत नवऱ्याची मीटिंग बेडरूममध्ये, मुलांची शाळा मुलांच्या खोलीत, आणि तितक्याच जबाबदारीची नोकरी करणारी बाई लॅपटॉप घेऊन ओट्यावर, मिक्सरच्या शेजारी, कुकरची शिट्टी माइकवर जाऊ नये म्हणून बटण दाबत बसलेली. घर सजवण्यात सर्वांत जास्त जीव तिनं ओतला होता.

मुलं बाहेर गेल्यावर माझ्या आईनं रिकामी झालेली लहान खोली मागून घेतली. मागून घेतली असंच म्हणायला हवं, कारण सगळ्यांच्या मते ती पाहुण्यांसाठी ठेवायची होती. तिला हव्या होत्या त्या गोष्टी तिनं सुताराला स्वतः सांगितल्या. खिडकीला लागून टेबल, उजेड डावीकडून. दोन ड्रॉवर, त्यांतल्या एकाला कुलूप. भिंतीत प्लग, शिलाई मशीन आणि दिवा दोन्ही चालतील असा. दाराला आतून कडी. पलंग नको म्हणाली, पलंग ठेवला की कुणीतरी येऊन झोपतं. भिंती पांढऱ्या ठेवल्या, वर काही लावलं नाही. आता ती तिथे दुपारी गोधड्या शिवते, पोथी वाचते, कधी नुसती बसते. दार लोटलेलं असलं की आम्ही हाक मारतो, आत जात नाही. हे आम्हाला शिकायला थोडे दिवस लागले.

ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या इमारतींतल्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. १६० चौरस फुटांतून ५०० चौरस फुटांत. त्या घरांत आता सुतार येऊन मापं घेत असतील, टीव्ही युनिट, वॉर्डरोब, सोफा कम बेड. पाचशे फुटांत वेगळी खोली निघणार नाही हे मान्य. पण अडीच फूट रुंद, दीड फूट खोल फळी खिडकीशी बसते, तिच्याखाली कुलपाचा एक खण बसतो, वर एक दिवा बसतो. टेप खिशात जायच्या आत घरातल्या बाईला विचारावं, ही फळी कुठे हवी. तिच्या मनात जागा आधीच नक्की झालेली असेल.