गणितचिंता व आत्मविश्वास

गणिते सोडविताना, किंबहुना ती सोडवावी लागणार या कल्पनेनेही, मनात जो ताण व जी धास्ती उत्पन्न होते, तीस गणितचिंता म्हणतात. समोरील उदाहरण आपणास सुटेल, हा विद्यार्थ्याचा स्वतःच्या क्षमतेविषयीचा विश्वास म्हणजे गणितविषयक आत्मविश्वास होय. माध्यमिक शाळेत अमूर्त बीजगणिताची व शालान्त परीक्षेची भर पडते, तेव्हा या दोहोंचा परिणाम विशेष जाणवतो.

ड्रेगर व एकन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९५७ मध्ये ‘संख्याचिंता’ ही सर्वसाधारण चिंतेहून वेगळी असल्याचे दाखविले. १९७२ मध्ये रिचर्डसन व सुइन यांनी तिच्या मापनासाठी ९८ विधानांची श्रेणी तयार केली. फेनेमा व शेरमन यांच्या मापनश्रेणींत (१९७६) आत्मविश्वास व चिंता यांचे मापन स्वतंत्रपणे होते. हेंब्री यांनी १५१ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले (१९९०). त्यात शालेय विद्यार्थ्यांची गणितचिंता व संपादन यांतील सहसंबंध सुमारे –०·३४ आढळला. हा संबंध मध्यम स्वरूपाचा आहे. चिंताग्रस्त विद्यार्थी गणितात कच्चाच असतो, असे त्यावरून ठरत नाही.

चिंतेचा परिणाम मुख्यतः कार्यकारी स्मृतीवर होतो. हातचा घेऊन बेरीज करताना मधली संख्या काही क्षण ध्यानात ठेवावी लागते; मनातील काळजी या मर्यादित स्मृतीचा काही भाग व्यापते. ॲशक्राफ्ट व कर्क यांच्या प्रयोगांत (२००१) स्मृतीवरील भार वाढताच चिंताग्रस्तांच्या चुका विशेष वाढल्या. आत्मविश्वासाचे कार्य याउलट असते. बँड्यूरा यांच्या स्वक्षमताविषयक उपपत्तीनुसार (१९७७) असा विश्वास असणारा अडचणीतही प्रयत्न चालू ठेवतो. तो नसणारा प्रयत्न लवकर सोडतो.

कार्यकारणाची दिशा दुहेरी दिसते. अमेरिकन शालेय विद्यार्थ्यांच्या दीर्घकालीन अभ्यासात मा व शू (२००४) यांना आधीच्या अपयशातून पुढील चिंता उद्‌भवल्याचे प्रकर्षाने आढळले. या चिंतेमुळे विद्यार्थी सराव टाळतो, त्यामुळे अपयश वाढते व दुष्टचक्र निर्माण होते. २०१२ च्या ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय पाहणीत, पाहणी करणाऱ्या संघटनेच्या सदस्य देशांतील १५ वर्षांच्या सुमारे ५९% विद्यार्थ्यांनी गणिताचा तास अवघड जाईल अशी काळजी वाटत असल्याचे सांगितले. समान गुण मिळविणाऱ्यांतही मुलींमध्ये ही चिंता मुलांपेक्षा अधिक होती.

भारतात राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा (२००५) तयार करताना गणितविषयक अभ्यासगटाने भीती व अपयशाची भावना ही शालेय गणिताची एक मूलभूत समस्या मानली. हेंब्री यांच्या विश्लेषणात क्रमशः भयनिवारणासारख्या उपचारांनी चिंता घटली व गुणही सुधारले. यावरून परीक्षेतील गुण हे विद्यार्थ्याच्या क्षमतेचे पूर्ण माप नव्हे, हे स्पष्ट होते. तथापि पोकळ स्तुतीने टिकाऊ आत्मविश्वास येत नाही. श्रेणीबद्ध उदाहरणे, चुकीची शिक्षा न करता तिची केलेली फोड व वेळेच्या दडपणाविना सराव यांतून स्वतः मिळविलेले यश हाच त्याचा प्रमुख आधार होय.