सभासदत्व काढणे आणि वाळीत टाकणे

पारनेर तालुक्यात गावोगावी दूध संस्था, सेवा सोसायट्या आणि पतसंस्था आहेत. त्यांच्या सर्वसाधारण सभेत गोंधळ झाला की एक मागणी हमखास येते: याचे सभासदत्वच रद्द करा. संचालक मंडळाने ठराव केला की माणूस बाहेर, असा सर्रास समज आहे, आणि तो चुकीचा आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या कलम 35 ने हा अधिकार संचालकांना दिलेला नाही, तो सर्वसाधारण सभेचा आहे. त्यासाठी बोलावलेल्या सभेत हजर असलेल्या, मताचा हक्क असलेल्या सभासदांपैकी किमान तीन चतुर्थांशांनी बाजूने मत द्यावे लागते. त्याआधी संबंधिताला नोटीस द्यायची आणि नोटिशीनंतर किमान महिनाभराने सभा घ्यायची. तिथे त्याला आपली बाजू मांडू दिली नाही, तर ठराव वैधच ठरत नाही. एवढे करूनही निबंधकांची मंजुरी येईपर्यंत तो लागू होत नाही. एकदा काढलेला माणूस कायमचा गेला, हेही खरे नाही. पुन्हा सभासद होण्यावरची बंदी 1 वर्षाची असते.

यावर आक्षेप येतो, आणि तो अनाठायी नाही. एवढे सोपस्कार होईपर्यंत उपद्रवी माणूस संस्था खिळखिळी करील, कायदा त्यालाच पाठीशी घालतो. पण सभेतला आरडाओरडा थांबवायला हकालपट्टी लागतच नाही. सभा शिस्तीत चालवणे, विषयपत्रिकेबाहेरची चर्चा थांबवणे हे अध्यक्षाचे रोजचे काम आहे, आणि मारहाण झाली तर पोलीस आहेत. कलम 35 आहे ते संस्थेच्या हिताला किंवा कारभाराला बाधा आणणाऱ्या कृत्यांसाठी. हिशेब मागणे त्यात बसत नाही. लेखापरीक्षित ताळेबंद आणि सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त पाहण्याचा हक्क याच कायद्याच्या कलम 32 ने सभासदाला दिला आहे. कारभाऱ्यांना मात्र हिशेब विचारणाराच अनेकदा सर्वांत मोठा उपद्रवी वाटतो, आणि प्रक्रियेची खरी गरज तिथेच आहे. याच तालुक्यातल्या राळेगणसिद्धीचे अण्णा हजारे माहितीच्या अधिकारासाठी वर्षानुवर्षे सरकारला नकोसे प्रश्न विचारत राहिले, 2003 मध्ये उपोषणाला बसले. राज्याचा कायदा 2002 चा, देशाचा 2005 चा. प्रश्न विचारणाऱ्याला बाहेर काढण्याची मुभा पारनेरकरांनी तरी कोणाला देऊ नये.

दुसरा गैरसमज अधिक घातक आहे: गावाने एकमुखाने ठरवले की ते न्याय्यच. राळेगणमध्ये दारू पिणाऱ्यांना खांबाला बांधून मारल्याचे अण्णांनी स्वतः सांगितले आहे, आणि आई मुलाच्या भल्यासाठी कठोर होते तसे ते होते, असे समर्थनही केले आहे. हेतू चांगला होता आणि गावाचा कायापालटही झाला, हे मान्य. तरीही प्रौढ माणसाला मारण्याचा अधिकार कोणत्याही ग्रामसभेला नाही. तसाच कोणाला वाळीत टाकून त्याचे जगणे बंद करण्याचा अधिकार कोणत्याही जातपंचायतीला नाही. संस्थेतून काढलेल्या माणसाचा संबंध तुटतो तो सभासदत्वापुरताच. किराणा, लग्नकार्य, मंदिर, स्मशान यांतले काहीही त्याच्यासाठी बंद होत नाही. जातीच्या किंवा समाजाच्या नावाने हे व्यवहार तोडणे हा महाराष्ट्रात गुन्हा आहे. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा 2016 चा कायदा 2017 पासून लागू आहे आणि त्यात 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. बहिष्कारासाठी चिथावणी देणाराही त्यातून सुटत नाही.

तुमच्या संस्थेत असा ठराव येत असेल तर हात वर करण्याआधी तीन गोष्टी विचारा: नोटीस कधी दिली, आरोप नेमका कोणत्या कृत्याचा आहे, आणि त्या माणसाचे म्हणणे सभेपुढे आले का. नोटीस तुम्हालाच आली असेल तर चिडून घरी बसू नका. उत्तर लेखी द्या, पोच घ्या आणि सभेला हजर राहा.