मे महिन्यातला हिशेबाचा बुधवार



आम्ही राहतो त्या हॉलंड देशात सरकारी पैशाचे वर्षातून दोन दिवस असतात. पहिला सर्वांना ठाऊक आहे. सप्टेंबरचा तिसरा मंगळवार, त्याला इथे प्रिन्स्येसदाख म्हणतात. राजा घोडागाडीतून निघतो, बायका भल्यामोठ्या टोप्या घालून मिरवतात, अर्थमंत्री पुढच्या वर्षाचा अर्थसंकल्प एका पेटीतून घेऊन येतात आणि टीव्हीवर दिवसभर तेच चालते. (जुनी सोन्याची गाडी २०१५ नंतर या दिवशी बाहेर पडलेली नाही. आधी ती दुरुस्तीला गेली. मग तिच्या एका बाजूवर वसाहतींतले लोक गोऱ्या बाईपुढे भेटी घेऊन वाकलेले रंगवले आहेत, त्यावरून वाद झाला. आता काचेची गाडी काढतात. आमच्या मते बरेच झाले.)

दुसरा दिवस मात्र फार थोड्यांना माहीत असतो. मे महिन्याचा तिसरा बुधवार. २००० सालापासून या दिवशी प्रत्येक मंत्र्याला गेल्या वर्षी घेतलेल्या पैशाचे काय केले ते संसदेला सांगावे लागते. ना घोडे, ना टोप्या. इथले लोक या दिवसाला गमतीने खेहाक्तदाख म्हणतात, म्हणजे खिम्याचा दिवस. पूर्वी इथले खाटीक बुधवारी खिमा विकायचे, आणि हिशेब चुकला तर मंत्र्याचाही खिमा होतो, असा दुहेरी अर्थ आहे.

मुलांनो, हिशेब म्हणजे काय ते आम्ही तुम्हाला वॉर्डातल्या रजिस्टरवरून सांगतो. आम्ही मुंबईत नर्सिंग शिकलो तेव्हा रात्रपाळीची सिस्टर दिवसपाळीच्या सिस्टरला वॉर्ड सोपवताना सगळे मोजून द्यायची. सलाईनच्या बाटल्या इतक्या, सिरिंजा इतक्या, कुलुपातली औषधे इतकी. दोघींच्या सह्या झाल्याशिवाय घरी जायचे नाही. एक गोळी कमी भरली तरी पायातले बूट काढायची सोय नाही! पण आमच्या जुन्या मेट्रन रजिस्टर बघून झाले की वॉर्डात फिरायच्या. बाटल्या जुळल्या, आता पेशंट कसा आहे ते दाखवा, असे त्यांचे असायचे.

हॉलंडात रजिस्टर बघणारी संस्था आहे आल्खेमेने रेकेनकामर, म्हणजे सर्वसाधारण हिशेब तपासणी मंडळ. भारतात नियंत्रक व महालेखापरीक्षक आहेत, इस्रायलात मेवाकेर हमेदिना आहे, तसेच हे. ती शिक्षा करू शकत नाही. ती तपासते, कुठे उणीव आहे ते लिहिते आणि मे महिन्याच्या त्या बुधवारी संसदेपुढे ठेवते. पुढचे काम खासदारांचे. न्याय खात्याचा हिशेबही त्यातच येतो. न्यायालये, तुरुंग, आणि गरिबांच्या वकिलांचे पैसे, सगळे.

या शेवटच्या गोष्टीविषयीच आज लिहायचे आहे.

इथल्या राज्यघटनेच्या १८व्या कलमात लिहिले आहे की ज्याची ऐपत कमी त्याला कायद्याची मदत कशी मिळावी याचे नियम कायदा करील. त्याप्रमाणे १९९४ पासून कायदा लागू आहे. मिळकत ठराविक रकमेच्या खाली असेल तर थोडे पैसे आपण भरायचे, बाकीचे सरकार वकिलाला देते. भारतातही घटनेत १९७६ साली ३९-अ कलम घातले आणि १९८७ चा कायदा १९९५ पासून अमलात आला. तिथे तर बाईमाणसाला मिळकत न बघता फुकट वकील मिळण्याचा हक्क आहे. कागदावर आहे, मिळतो किती हा निराळा प्रश्न. हॉलंडात कागद आणि काम यांत अंतर नसते असा आपला समज होता. तो पुढे ढिला झाला.

झाले असे की सरकार वकिलाला तासावर पैसे देत नाही, पॉइंटवर देते. घटस्फोटाला इतके पॉइंट, घर खाली करण्याच्या खटल्याला इतके. एक पॉइंट म्हणजे साधारण एक तासाचे काम धरलेले. समजा केसला आठ पॉइंट ठरवले आणि काम बारा तासांचे निघाले, तर चार तास वकिलाने धर्मादाय केले. हे पॉइंट जुन्या काळी ठरवलेले होते. २०१७ साली ॲमस्टरडॅमच्या अपील न्यायालयाचे अध्यक्ष हेर्मन फान देर मेर यांच्या समितीने हे सगळे तपासून सांगितले की पॉइंट कामाला पुरत नाहीत आणि गरिबांच्या वकिलांना त्यात धड पोट भरता येत नाही. पण त्याच वर्षी आलेल्या सरकारने ठरवून ठेवले होते की सुधारणा करायची ती आहे त्याच पैशात. मंत्री सान्देर डेकर यांनी २०१८ च्या नोव्हेंबरात नवी योजना मांडली. तिच्यात जास्तीचे पैसे नव्हते. २०१९ साली वकिलांनी संपाची भाषा केली तेव्हा दोन वर्षांपुरते, वर्षाला ३६.५ दशलक्ष युरो निघाले.

आम्ही या देशात घरोघरी जाऊन आजाऱ्यांची सेवा केली आहे, म्हणून आम्हाला हा पॉइंटचा प्रकार लगेच कळला. आमच्याही हातात एका काळी मिनिटांची यादी दिली होती. अंघोळ घालायला इतकी मिनिटे, पट्टी बांधायला इतकी. म्हातारी रडत असली तर त्याला मिनिटे नाहीत. न्यायाधीशांचेही असेच. न्यायालयांना किती खटले निकालात काढले त्या हिशेबाने पैसे मिळत. २०१२ च्या डिसेंबरात लेउवार्डनच्या न्यायाधीशांनी उघड पत्रक काढले की संख्येच्या मागे लागून न्यायाचा दर्जा जातो आहे, आणि देशभरच्या शेकडो न्यायाधीशांनी त्यावर सह्या केल्या. न्यायाधीश मंडळी सहसा तोंड उघडत नाहीत. ती बोलली म्हणजे पाणी नाकाशी आले होते.

आता त्याच वर्षांत दुसऱ्या खात्यात काय चालले होते ते बघा. पाळणाघराच्या खर्चासाठी आईबापांना सरकार मदत देते, ती तेव्हा कर खात्यामार्फत मिळायची. सही राहिली, थोडी रक्कम भरायची राहिली, की कर खाते लोकांना लबाड ठरवून वर्षाची सगळी मदत परत मागू लागले. एकेका घरावर हजारो युरोंचे कर्ज. कोणाला तपासायचे ते ठरवताना माणूस डच नागरिक आहे की नाही हेही यंत्र बघत होते. माहिती रक्षणाच्या मंडळाने २०२१ च्या डिसेंबरात त्याबद्दल २.७५ दशलक्ष युरो दंड केला. सरकारने सरकारला केलेला दंड, या खिशातून त्या खिशात. परदेशातून आलेल्या आपल्यासारख्यांनी ही गोष्ट विसरू नये.

कर खात्याचे पत्र निळ्या पाकिटात यायचे. आम्ही कितीतरी स्वयंपाकघरांत ही निळी पाकिटे न फोडलेली, ब्रेडच्या डब्यामागे खोचलेली पाहिली आहेत. लोक आळशी नव्हते, घाबरलेले होते. वकील का करत नाही असे विचारले तर उत्तर ठरलेले, माझा हिस्सा भरायलाही पैसे नाहीत. आणि न्यायालयात जे गेले त्यांचेही सगळ्यांचे भले झाले नाही. सर्वात वरच्या प्रशासकीय न्यायालयाने, म्हणजे राज्य परिषदेच्या न्याय विभागाने, ‘सगळे किंवा काहीच नाही’ हा नियम २०१९ च्या ऑक्टोबरपर्यंत उचलून धरला. २०२१ च्या नोव्हेंबरात त्या विभागाचे अध्यक्ष बार्ट यान फान एटेकोफन यांनी जाहीर माफी मागितली. न्यायाधीशाने माफी मागणे ही साधी गोष्ट नव्हे, त्यांचा मान ठेवला पाहिजे. पण मोडलेले संसार त्याने जुळले नाहीत. या आईबापांची हजाराहून अधिक मुले सरकारने घरातून काढून दुसरीकडे ठेवली होती, असे सांख्यिकी खात्यानेच मोजले.

ही गोष्ट वर काढली कोणी? लोकपालाने २०१७ साली २३२ कुटुंबांच्या बाबतीत अहवाल लिहिला. एफा गोन्सालेस पेरेस नावाच्या वकीलबाई या आईबापांसाठी वर्षानुवर्षे पत्रे लिहीत राहिल्या. खासदार पीटर ओम्त्सिख्त आणि रेन्स्के लाइतेन यांनी प्रश्न विचारणे सोडले नाही. मग संसदेच्या समितीने मंत्र्यांना शपथेवर बसवले आणि १७ डिसेंबर २०२० रोजी अहवाल दिला. त्याचे नावच होते ‘अभूतपूर्व अन्याय’. त्यात कर खात्याला, मंत्र्यांना, न्यायाधीशांना आणि खुद्द संसदेलाही दोष दिला होता. १५ जानेवारी २०२१ ला मार्क रुटे यांचे अख्खे मंत्रिमंडळ पायउतार झाले. तरी तेच पुढच्या निवडणुकीनंतर पुन्हा पंतप्रधान झाले, तो भाग वेगळा. २०२४ च्या फेब्रुवारीत दुसऱ्या चौकशी समितीनेही सरकार माणूस आणि न्याय दोन्हींकडे आंधळे होते असेच लिहिले.

आता आकडे शेजारी ठेवा. फान देर मेर समितीच्या शिफारशीप्रमाणे वकिलांचे पॉइंट वाढवायला वर्षाला सुमारे १५४ दशलक्ष युरो लागणार होते. २०१७ साली ते जड वाटले. मंत्रिमंडळ कोसळल्यावर २०२२ पासून दिले. आणि चाळीस हजारांहून अधिक पीडित आईबापांना भरपाई देण्याचा खर्च? प्रत्येकाला निदान ३०,००० युरो, वर कर्जमाफी, वर मुलांची भरपाई. हा सगळा खर्च अब्जांत गेला आहे आणि अजून संपलेला नाही. या आईबापांना आता वकील फुकट मिळतो, २०२१ पासून. घर जळाल्यावर दिलेली बादली.

आमचा राग आहे तो रजिस्टरच्या पद्धतीवर. न्याय खात्याच्या वहीत वकिलांवरचा न वाढलेला खर्च काटकसर म्हणून दिसला. त्याचे नुकसान कित्येक वर्षांनी अर्थखात्याच्या वहीत भरपाई म्हणून उतरले. दोन वह्या शेजारी ठेवून कोणी बघितले नाही. मे महिन्याच्या बुधवारी मंत्र्याला विचारायला हवे ते हे, की किती माणसे वकिलाविना परत गेली? किती पैसे खर्च झाले एवढ्यावर भागत नाही. पैसे आले तरी आता दुसरी अडचण उभी आहे. गरिबांची कामे घेणारे बरेच वकील म्हातारे झाले आहेत आणि तरुण तिकडे वळत नाहीत. नर्सांचे झाले तेच.

हॉलंडातल्या आपल्या माणसांसाठी थोडे कामाचे सांगतो. सरकारी पत्रातला निर्णय मान्य नसेल तर साधारणपणे सहा आठवड्यांत लेखी हरकत घ्यावी लागते. दिवस पत्रावरच्या तारखेपासून मोजतात, पाकीट फोडल्यापासून नव्हे. म्हणून आधी तारीख बघा. पहिला सल्ला युरिडिस लोकेट या ठिकाणी कमी मिळकतीच्या माणसाला फुकट मिळतो. वकील लागला तर सरकार मिळकत बघते ती दोन वर्षांपूर्वीची. मधल्या काळात नोकरी गेली असेल किंवा पेन्शनीत निघाला असाल तर तसे लिहून चालू वर्षाची मिळकत धरायला सांगता येते. ही गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. डच वाचता येत नसेल तर नातवंडांना बसवा, त्यांना येते. मात्र पोराला नुसते ‘काय लिहिलंय’ विचारू नका, पूर्ण पत्र मोठ्याने वाचून घ्या, मागच्या बारीक अक्षरांसकट.