पनवेलचा वारा कुठून येतो?

एप्रिलच्या दुपारी पनवेलची जमीन भराभर तापते, अरबी समुद्र मात्र सावकाश. जमिनीवरची तापलेली, हलकी हवा वर चढते आणि खाडीकडून गार, दमट खारा वारा आत शिरतो. रात्री जमीन लवकर निवते. मग मतलई वारा समुद्राकडे निघतो.

मोसमी वाऱ्यांमागेही जमीन-समुद्राच्या तापण्यातला हाच फरक आहे, असे एडमंड हॅली यांनी १६८६ मध्ये मांडले. केवढी झेप! पृथ्वीच्या फिरण्यामुळे वारे वळतात, ही जोड १७३५ मध्ये जॉर्ज हॅडली यांनी दिली.

जूनमध्ये हे वारे प्रबळगड-माथेरानच्या डोंगरांना भिडून वर चढतात, थंडावतात आणि कोसळतो पाऊस. तिकडे सोमालियाच्या किनाऱ्यालगत हिवाळ्यात दक्षिणेकडे वाहणारा सागरी प्रवाहही ते उत्तरेकडे वळवतात.