अनामत गमावणारे उमेदवार

निवडणुकीचा निकाल लागला की विजयी उमेदवारांची छायाचित्रे छापली जातात, आणि एका कोपऱ्यात अनामत रक्कम जप्त झालेल्यांचा त्रोटक उल्लेख येतो. एकूण वैध मतांच्या एकषष्ठांशाहून अधिक मते ज्याला मिळत नाहीत, त्याची अनामत आपल्याकडे सरकारजमा होते. असे हे उमेदवार बहुधा विनोदाचा विषय ठरतात. तथापि त्यांचे लोकशाहीतील स्थान काय, हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही.

काही उमेदवार खरोखरच विनोदासाठी उभे राहतात. कॅनडात 1963 साली 'ऱ्हायनोसेरॉस', म्हणजे गेंड्याच्या नावाचा पक्ष निघाला. गुरुत्वाकर्षणाचा नियम रद्द करू, असे त्याचे एक आश्वासन होते! त्याच देशात ऑगस्ट 2025 मधील एका पोटनिवडणुकीत निषेधासाठी उभ्या राहिलेल्यांमुळे उमेदवारांची संख्या 214 झाली. एवढी नावे छापणे अशक्य झाल्याने मतदारांना आपल्या उमेदवाराचे नाव स्वहस्ते लिहावे लागले. मराठी माणसाला याचे नवल वाटू नये. सीमाप्रश्नाकडे देशाचे लक्ष वेधण्यासाठी 1996 साली बेळगाव लोकसभा मतदारसंघात मराठी भाषकांनी अर्जांची रीघ लावली, आणि रिंगणात 456 उमेदवार राहिले. त्यामागे थट्टा नव्हती. दुसरीकडे कोठे ऐकले न गेलेले गाऱ्हाणे होते.

अशा गर्दीला आवर घालण्यासाठी त्याच वर्षी कायदा बदलला. लोकसभेची अनामत 500 रुपयांवरून 10,000 झाली. पुढे ती 25,000 झाली. विधानसभेची 250 वरून 5,000 आणि नंतर 10,000 झाली. मान्यता नसलेल्या पक्षाच्या उमेदवारास दहा सूचक आवश्यक ठरले. गर्दी ओसरली हे खरे. परंतु या चाळणीतून कोण गळले, हेही पाहिले पाहिजे.

त्याचे उत्तर भिलाईच्या परिसरातच सापडते. भिलाईच्या पोलाद कारखान्याला लागणारे लोहखनिज दल्ली राजहरा येथील खाणींतून येत असे. तेथील कंत्राटी मजुरांची संघटना 1977 साली शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिली. मजुरांनी स्वतःच्या वर्गणीतून आणि श्रमांतून 1983 साली शहीद रुग्णालय सुरू केले. यातूनच वाढलेल्या छत्तीसगढ मुक्ती मोर्चाचा ध्वज लाल आणि हिरवा: लाल कामगारांचा, हिरवा शेतकऱ्यांचा. हा पक्ष कधी सत्तेवर आला नाही. मात्र त्याचे जनकलाल ठाकूर 1985 साली डौंडी लोहारा येथून विधानसभेवर गेले.

28 सप्टेंबर 1991 रोजी पहाटे भिलाईत झोपेत असताना नियोगींची गोळी घालून हत्या झाली. नेता गेल्यावर अनुयायी विखुरतात, किंवा सूडाची वाट धरतात. येथे 1993 साली मतदारांनी ठाकूर यांना पुन्हा निवडून दिले. बंदुकीला मतपेटीने दिलेले ते उत्तर होते.

डौंडी लोहारा हा अनुसूचित जमातींसाठी राखीव मतदारसंघ. राखीव वर्गाच्या उमेदवारास निम्मी अनामत भरावी लागते. म्हणजे 1993 साली 125 रुपये. आज तेथेच 5,000 रुपये लागतात. रुपयाचे मूल्य घटले हे लक्षात घेऊनही, ही वाढ खाणमजुराच्या घरात पुष्कळ जाणवणारी आहे. कॅनडात मात्र न्यायालयाने 2017 साली अनामतीची अट घटनाबाह्य ठरवली.

चाळणी असावी, पण ती कशाची असावी? पैशाच्या चाळणीतून श्रीमंताचा विनोद सहज निसटतो आणि गरिबाचे गाऱ्हाणे मात्र अडकते. मतदारांच्या सह्यांची चाळणी याहून न्याय्य होय. दहाऐवजी शंभर सूचक मागावेत आणि अनामत हलकी करावी. ज्याच्यामागे माणसे आहेत, त्याला सह्या मिळतील. ज्याच्यामागे कोणीच नाही, तो आपोआप दूर राहील. मग पराभूतांच्या त्या यादीकडेही आपण अधिक आदराने पाहू शकू.